पाठीमागची हाक

चपलांच्या दुकानाच्या काचेत मला माझी बायको दिसली. मी खरं तर स्वतःलाच बघत होतो. आजारपणात कानांबरोबर तोलही गेला, त्यामुळे मी रस्त्याने चालतो तो पोटात चार घोट असल्यासारखा, आणि लोक वळून बघतात. म्हणून मोठी काच दिसली की मी थांबतो, पाय जुळवतो, खांदे सरळ करतो आणि सभ्य माणसासारखा पुढे निघतो. तसाच थांबलो होतो. काचेत खाली बायकांच्या चपला मांडलेल्या, त्यांच्यावर माझा लांबट चेहरा, आणि माझ्या खांद्यावरून बरीच मागे ती. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात लिहायची पाटी. तोंड उघडं. आधी वाटलं, जांभई देते आहे. मग तोंडाचा गोल चंबू झाला. पुन्हा उघडलं, पुन्हा गोल झालं. मानेच्या शिरा ताणलेल्या. तिच्या आजूबाजूचे पुरुष एकेक करून वळत होते, एक छत्रीवाले आजोबा, एक सायकलवाला, फोनवर बोलणारा एक टायवाला, कारण ‘अहो’ हे काही कुणा एकाचं नाव नव्हे, ज्याला बायको आहे तो प्रत्येक जण त्या हाकेला वळून बघतो. सगळ्या रस्त्याने तिला ओ दिली होती. ज्या नवऱ्यासाठी ती हाक होती तो तेवढा चपला बघत उभा होता.

मी वळलो नाही. वळायला हवं होतं, पण पाय जागचे हलेनात, कारण मी जे बघत होतो ते मी कधी पाहिलेलंच नव्हतं. तीस वर्षं ही बाई मला हाका मारते आहे. आतल्या खोलीतून, जिन्यावरून, दुकानाच्या मागच्या मोरीतून, आणि नेहमी पाठीमागून. हाक ऐकून आपण वळतो तोवर हाक मारून झालेली असते, आणि समोर असतो तो नेहमीचा चेहरा, गॅस संपल्याचा नाहीतर पाहुणे आल्याचा. हाक मारतानाचा चेहरा हा ज्याला हाक मारली तो सोडून बाकी सगळ्यांना दिसतो. आता तो मला दिसत होता. त्यात राग होता म्हणावं तर तोंडापुरताच होता. डोळे घाबरलेले होते. एखादं पोर गर्दीत हात सोडून पळावं आणि आईने त्याच्यामागे धावावं, तसे.

तिचा हात सोडून मी पळालोच होतो म्हणा ना. इस्पितळात कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून तडक उठून मी बाहेर पडलो होतो, ती औषधांच्या खिडकीपाशी रांगेत असताना. डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि भराभर बोलतात, त्यांच्या ओठांवरून एक अक्षर कळत नाही. त्यांनी पाटी मागून घेतली आणि शाळेतल्या बाईंसारख्या गोल अक्षरात लिहिलं, “कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी पोकळी असते. तुमच्या आजारामुळे ती हाडाने भरत चालली आहे. उजवी भरली. डावीत अजून थोडी वाट आहे. ऐकण्याच्या यंत्राची तार त्या वाटेनेच आत जाते. उशीर केलात तर वाट बुजेल, मग मी काही करू शकणार नाही. सोमवारपर्यंत सांगा.” मी विचारलं, “आवाज पूर्वीसारखे येतील का?” बहुधा फार मोठ्याने विचारलं असणार, कारण दार उघडून एका नर्सने आत डोकावलं. डॉक्टरीणबाई खडूकडे बघत राहिल्या. मग लिहिलं, “नाही. वेगळे येतील. सुरुवातीला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे. मग मेंदूला हळूहळू सवय होते.” “मग नको,” मी म्हटलं, आणि उठलो.

त्या हाडाला मी ओळखतो. माझा धंदा डुकराच्या मटणाचा, बापाचाही तोच होता, आणि दुकानात डोकी माझ्याकडे. धाकटा भाऊ धड फोडतो, मी डोकी उकलतो. गाल वेगळे, जीभ वेगळी, जबडा वेगळा. डोक्यात सगळ्यात कठीण हाड कुठलं असेल तर ते कानामागचं. करवत त्याच्यावर नुसती घसरते, दात बोथट होतात. आमच्यात त्याला कुणी हात लावत नाही, वळसा घालून पुढे जातात. गिऱ्हाईकही ते मागत नाही. आणि आता हाडाने माझ्याच डोक्यात, त्याच जागी, राहिलेली जागा भरायला घेतली होती. गोदामवाला कसा रिकामी जागा दिसली की पोती रचतो, तसं. रात्रंदिवस काम चालू, आणि आत काय चाललं आहे हे ऐकायला मला कान नाहीत.

कसं झालं म्हणून सगळे विचारतात. झालं असं की काहीच झालं नाही. जबडा काढताना उजव्या हातात सुरी असते आणि डाव्या हाताचं बोट आधी आत जातं, घशाच्या बाजूने वर, सांध्यापाशी. बोटाला सांधा सापडला की सुरी त्याच्या मागोमाग जाते. लोखंडी जाळीचा हातमोजा मिळतो, माहीत आहे, दुकानात खिळ्याला टांगलेलाही होता, पण मोजा घातलेलं बोट आंधळं. बाप म्हणायचा, बोटाला बघू दे. तर बोट बघत होतं, आणि सुरीचं टोक त्याला जरासं लागलं. असं आठवड्यातून एकदा तरी लागतंच. लागलं की कापणारा माणूस काय करतो? बोट तोंडात घालतो, चोखतो, थुंकतो, एप्रनला पुसतो आणि पुढचं डोकं ओढतो. माझ्या बापाने हेच केलं, भावाने हेच केलं, मीही हेच केलं. तिसऱ्या दिवशी ताप भरला. मग डोकं असं दुखायला लागलं की खिडकीतला उजेडसुद्धा टोचावा. मान वळेना. भावाने मला पाठीवर घेऊन जिना उतरवला म्हणे, मला ते आठवत नाही. इस्पितळात पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, त्यात जंतू सापडला. डुकराच्या घशात राहणारा. डुकराला त्याचं काही नसतं, तो तिथे भाडेकरूसारखा गुण्यागोविंदाने राहतो. माणसाच्या रक्तात शिरला की मात्र थेट मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, आणि जाता जाता कान घेऊन जातो. कुठलं डोकं होतं ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी बरीच होती, सगळी सारखी, डोळे मिटलेली. त्या डुकराचा मला राग येत नाही. त्याला कुठे ठाऊक होतं घशात काय आहे ते.

शुद्धीवर आलो तेव्हा बायको, मुलगी आणि भाऊ पलंगाच्या तिन्ही बाजूंना उभे होते आणि तिघांचीही तोंडं हलत होती. मला वाटलं, मी झोपलोय म्हणून कुजबुजताहेत. “जरा मोठ्याने बोला की,” मी म्हटलं. आणि मला माझंच बोलणं ऐकू आलं नाही. तो क्षण मी कुणाला सांगत नाही. मुलीला सगळ्यांत आधी कळलं. तिला आम्ही घरात टकळी म्हणतो, लहानपणापासून तिच्या तोंडाला विसावा नाही, शाळेत बाक बदलून बदलून बाई थकल्या. ती टकळी थांबली. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यापुढे धरलं, “बाबा, बोट तोंडात घातलंस?” मी म्हटलं, “घालतातच.” तिने फोन खाली ठेवला. माझ्या बोटावरची पट्टी सोडून पुन्हा बांधली, जशी काही ती नीट बांधली की सगळं जागच्या जागी येणार होतं.

बायकोला फोनवर लिहायला जमत नाही. तिने दुसऱ्याच दिवशी दुकानातली पाटी आणली. गल्ल्यापाशी असते ती, रोजचा भाव लिहायची. पाटीच्या एका कोपऱ्यात ‘जिभा संपल्या’ असं अर्धवट पुसलेलं होतं, ते बघून मला आजारपणातलं पहिलं हसू फुटलं, आणि तिला कळेना मी का हसतोय. लिहायला लागल्यापासून ती वेगळीच बाई झाली आहे. पूर्वी तोंडाचा पट्टा सुरू झाला की नळाच्या पाण्यापासून निघून माझ्या आत्याच्या लग्नातल्या अपमानापर्यंत जायची. आता खडू झिजतो, हात दुखतो, जागा पुरत नाही. त्यामुळे भांडणसुद्धा दोन ओळींत उरकतं. “गोळी घेतली नाही. कळतं का?” संपलं. मला वाटलं होतं, बरी शांतता मिळाली. चार दिवसांत त्या शांततेने जीव नकोसा झाला. पाटीवरचं भांडण पुसलं की गेलं, त्यात नंतर आठवून हसण्यासारखं काही उरत नाही.

घरी आल्यावर दुकानात गेलो होतो एकदा. आता भाऊ हातमोजा घालतो, मला बघून त्याने तो मागे लपवला, जणू चोरी केली. तो सळईवर सुरीला धार लावत होता. मी लहानपणापासून धार कानाने ओळखतो. सुरी बरोबर कोनात असली की सळई लांब, बारीक आवाज काढते, चुकली की खरखरते. आता सुरी वर जात होती, खाली येत होती, आणि काहीच नव्हतं. मी त्याच्यापुढचं डोकं आणि सुरी ओढून घेतली. मोजा घातला, मुलीने वचन घेतलं होतं. जबड्याचा सांधा सुटताना टच् असा एक लहानसा आवाज होतो, तिथे हात थांबवायचा असतो. बोटाला तर मोज्यातून काही दिसत नव्हतंच, पण तो टच्ही आला नाही, आणि सुरी पुढे जात राहिली, जात राहिली, गाल आरपार. भाऊ काही बोलला नाही. म्हणजे बोलला असेल तरी मला काय कळणार. त्याने तो गाल हळूच उचलला आणि खिम्याच्या ताटात टाकला. माझ्या हातचा गाल खिम्यात गेला. बापाच्या वेळेपासून असं झालं नव्हतं.

तर मग यंत्र का नको, हा प्रश्न कुणालाही पडेल, बायकोला तर पडलाच होता. डोकं उघडणार याची भीती होती, नाही कशाला म्हणू, आयुष्यभर डोकी उघडलेल्या माणसाला ती जास्तच असते. पण ते खरं कारण नव्हतं. इस्पितळात बाकावर एक पोस्टमन भेटला होता, कानामागे यंत्र लावलेला. मी त्याला विचारलं, कसं वाटतं. त्याने पाटी घेऊन लिहिलं, “सुरुवातीला आई बदकासारखी वाटायची. आता आईसारखी वाटते. की मीच बदकाला आई समजायला लागलो, कोण जाणे.” लिहून तो खदखदा हसला. मी हसलो नाही. माझ्यापाशी आवाज होते. रोज पहाटे डोळे उघडायच्या आधी मी ते एकेक करून काढून बघायचो. दुकानाचं शटर वर जाताना अध्येमध्ये अडकतं तो. टच्. मुलीची टकळी, शब्द नाहीत, नुसती लय. भावाचं नाक ओढणं. आणि शेवटी, राखून ठेवलेलं, बायकोचं ‘अहो’. त्याचे किती प्रकार. चहा झाल्याचं साधं. दिवा बदलायचा आहे त्याचं लाडीगोडीचं. पाहुण्यांसमोरचं, साखर घातलेलं. आणि एक खालच्या पट्टीतलं, ज्याच्यानंतर काही खरं नसायचं. मी नेहमी तिसऱ्या हाकेला ओ द्यायचो. पहिली हाक म्हणजे सूचना, दुसरी म्हणजे आठवण, तिसरीला उठलं की भांडण टळतं, असा माझा हिशेब. हे सगळं माझ्या डोक्यात अजून धडधाकट होतं. त्याच्यावर पत्र्याचा डबा वाजवून घ्यायचा आणि एक दिवस डबाच खरा वाटायला लागायचा, हे मला सोसणार नव्हतं. हाड भरतंय तर भरू दे, मी मनाशी म्हणायचो, आतला माल आत राहील.

आणि आता काचेत ती हाक मारत होती. मी तिचा आवाज काढला, ‘अहो’ काढलं, आणि त्या उघड्या तोंडावर ठेवून पाहिलं.

बसेना. पुन्हा ठेवलं, तरी बसेना. आवाज नाजूक होता, थोडा बिचकणारा, शेवटी उचललेला. लग्नानंतर पहिल्या वर्षी दुकानामागच्या खोलीतून ती मला हाक मारायची, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून दबकी, तो आवाज. आणि काचेतल्या बाईची दाढ पडलेली होती, गळ्याखालचं कातडं सैल झालेलं, जिना चढली की ती मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहते. या गळ्यातून तो आवाज येणं शक्यच नव्हतं. या गळ्यातून येणारा आवाज जाडसर झाला असणार, थोडा बसका, धापेने मध्ये तुटणारा. तो तर मी परवापरवापर्यंत रोज ऐकत होतो! दिवसातून वीस वेळा. पण काही केल्या आठवेना. ऐकला कुठे होता, तिसऱ्या हाकेपर्यंत तर मी कान दुसरीकडेच ठेवायचो. जिचा आवाज मी जिवापाड जपून ठेवला होता ती मुलगी केव्हाच सरली होती, आणि जी बाई भर रस्त्यात माझ्यासाठी गळा फाडत होती तिचा आवाज मला ठाऊकच नव्हता. मी कशावर पहारा देत बसलो होतो?

तेवढ्यात पाठीत पाटी बसली. चांगली सणसणीत. वळलो तर ती समोर, धापा टाकत, पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटं फुटपाथवर सांडलेली. तिने काचेलाच पाटी टेकवली आणि लिहायला लागली, खडू मोडला, उरलेल्या तुकड्याने लिहिलं, “रस्ता ओलांडलात तेव्हा मागे बस करकचून थांबली. पत्ता तरी आहे का?” मी मागे पाहिलं. बस रस्त्याच्या मधोमध तिरपी उभी होती आणि ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन माझ्याकडे हात करून काहीतरी बोलत होता, ते काय असेल हे कळायला कान लागत नाहीत. छत्रीवाले आजोबा त्याची समजूत काढत होते.

“तू काय ओरडत होतीस?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं डोकंही गेलं असावं. “अहो. दुसरं काय?” तिने लिहिलं.

“किती वेळा?”

“मोजत बसू?”

मी खाली वाकून गोळ्या गोळा करायला लागलो, तर तोल गेला, आणि तिने दंड धरला. वाकलेल्या अवस्थेतच मी म्हटलं, “चल परत. डॉक्टरीणबाई गेल्या नसतील अजून.” दंडावरची पकड घट्ट झाली. वर बघितलं तर ती काही लिहीत नव्हती. मोकळ्या तळहाताने काचेला टेकलेली पाटी पुसत होती, पुसून झालेली पाटी पुन्हा पुन्हा पुसत होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. माझं डोकं एका कुशीवर वळवलं, आणि हातमोजा न घालता, उघड्या बोटाने कानामागचं हाड चाचपत राहिल्या. दाबायच्या, सरकायच्या, थांबायच्या. जागा सापडल्यावर बोट तिथेच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने पेनची खूण केली. त्यांचं बोट बघत होतं. मला फार बरं वाटलं. त्या रात्री मी मुकाट झोपलो, आवाज काढून बघितले नाहीत. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी लिहून सांगितलं की तार पूर्ण गेली नाही, आत हाड लागलं, पण बरीचशी गेली. “तुमचं हाड फार हट्टी आहे,” त्यांनी लिहिलं. बायकोने ते वाचून मान डोलावली, तिला ते आधीपासूनच माहीत होतं.

जखम भरल्यावर यंत्र सुरू करायला बोलावलं. लहानशी खोली, एक टेबल, कॉम्प्युटर, त्याच्यामागे एक हसऱ्या चेहऱ्याच्या तंत्रज्ञ बाई. भाऊ दुकान बंद ठेवून यायचं म्हणत होता, त्याला मी दटावून ठेवलं. मुलगी दाराशी उभी, दोन्ही हात तोंडावर. तंत्रज्ञ बाईंनी माझ्या कानामागे ते बसवलं आणि मला त्यांच्याकडे तोंड करून बसायची खूण केली. मी म्हटलं, “नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसणार. माझ्या बायकोला मागे उभी करा. आधी तिने हाक मारायची, बाकी सगळं नंतर.” त्यांनी मुलीकडे पाहिलं, मुलीने खांदे उडवले. मी खुर्ची वळवली. भिंत पिवळट होती, तिच्यावर खिळ्याचं एक भोक होतं, मी त्या भोकाकडे बघत बसलो. पुढून एक हात आला, त्यात कागद, “आता सुरू करते.” हात गेला. बदक येऊ दे, मी मनात म्हटलं, पत्रा येऊ दे, काय वाट्टेल ते येऊ दे, मी त्यालाच तुझा आवाज म्हणेन, फक्त येऊ दे.

आणि आलं. खर्रर्र असं काहीतरी, कडक, ओबडधोबड, करवत त्या कानामागच्या हाडावर घसरावी तसं. त्यात बायको नव्हती. त्यात माणूसही नव्हतं. पण तो आवाज होता, पाठीमागून आला होता, आणि माझ्यासाठी आला होता. मी दुसरीची वाट पाहिली नाही.

“ओ!” मी म्हटलं, खोली दणाणेल एवढ्या मोठ्याने.

मागे काहीच झालं नाही. मी वळून पाहिलं. बायको ओणवी उभी होती, दोन्ही हात एका लोखंडी खुर्चीच्या पाठीवर, खुर्ची भिंतीपासून अर्धवट ओढलेली. बसायला म्हणून ओढत होती बिचारी. मुलीने हसू दाबायला ओठ चावला होता आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तंत्रज्ञ बाई कॉम्प्युटरच्या मागे तोंड लपवत होत्या. बायको माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने खुर्ची सोडली, पाटी उचलली, आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, “मी अजून हाक मारलीच नाही.”

“असू दे,” मी म्हटलं. “आता मार.”

आणि मी परत भिंतीकडे तोंड केलं.